पोटाचा घेर: मोजायचा कसा, त्यातला धोका कोणता आणि तो उतरतो कशाने

पुरुषांना कंबर किती असं विचारलं, की बहुतेक जण पँटचा नंबर सांगतात. पण पोट सुटू लागलं की पँट पोटाखाली सरकते आणि नंबर वर्षानुवर्षं ३४ च राहतो. टेप लावली तर ३८-३९ इंच भरतात. बायकांच्या बाबतीत परकराच्या नाडीचा वळ असतो तिथे माप घेतलं जातं, आणि तेही चुकतं. म्हणून या लेखाची सुरुवात डाएटपासून नाही, टेपपासून आहे.

हा लेख प्रौढांसाठी आहे. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या आया आणि १८ वर्षांखालची मुलं यांनी यातलं खाणं कमी करण्याचं काहीही स्वतःच्या मनाने करू नये.

आधी एवढं समजून घ्या: पोटात दोन प्रकारची चरबी असते

चिमटीत धरता येते ती त्वचेखालची चरबी. ती दिसते, पण त्यातल्या त्यात निरुपद्रवी असते. दुसरी पोटाच्या स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृताजवळ साठते. ती चिमटीत येत नाही, उलट पोट घट्ट आणि पुढे आलेलं दिसतं. तिथलं बरंचसं रक्त थेट यकृताकडे जातं. त्यामुळे या चरबीतून सुटणारी मेदाम्लं आणि सूज वाढवणारी रसायनं यकृतात उतरतात. यकृत मेदाने भरतं, इन्सुलिनला दाद देईनासं होतं, रात्रभर नको तेवढी साखर रक्तात सोडतं आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातला मेद) वाढवतं. टाइप २ मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात आणि दारूचा थेंबही न घेता होणारं फॅटी लिव्हर, या सगळ्यांच्या मुळाशी ही साखळी असते. जोराचं घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, बायकांमध्ये पीसीओएसचा (पाळी बिघडवणाऱ्या बीजकोशांच्या आजाराचा) त्रास वाढणं, मोठ्या आतड्याचा आणि पाळी गेल्यानंतर होणारा स्तनांचा कर्करोग यांच्याशीही वाढलेल्या चरबीचा संबंध आहे.

आपल्या लोकांमध्ये हा धोका कमी वजनावरच सुरू होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांचं सरासरी वजन जेमतेम २.७ किलो होतं, तरीही इंग्लंडच्या बाळांच्या तुलनेत त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त होती. म्हणजे ‘माझं वजन तर ठीक आहे’ या उत्तराने आपल्याकडे काहीच सिद्ध होत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या १,१३,०४३ जणांच्या देशव्यापी पाहणीत ३९.५ टक्के प्रौढांचं पोट मर्यादेबाहेर निघालं.

दिलासा एवढाच, आणि तो मोठा आहे: ही आतली चरबी साठते लवकर तशी उतरतेही लवकर. नियमित व्यायाम सुरू केल्यावर वजनकाटा हलण्याआधी ती कमी होऊ लागते.

१. सामान जमवा

- न ताणणारी टेप. शिंप्याकडची जुनी टेप वापरून ताणलेली असते. शाळेची ३० सेंमीची पट्टी शेजारी धरून ती बरोबर आहे का बघा.
- वजनकाटा. पोटाची चरबी दाखवणारे ‘स्मार्ट’ काटे पायातून सौम्य वीज सोडून अंदाज बांधतात आणि शरीरातल्या पाण्यानुसार आकडा बदलतात. साधा काटा पुरतो.
- स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा आणि ५ मिलीचा चमचा.
- एक वही.
- मागचे सगळे रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी, आणि आई-वडील, भावंडांपैकी कोणाला मधुमेह, हृदयविकार किंवा पक्षाघात आहे याची नोंद, वयासकट.

२. घेर नीट मोजा

सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी मोजा. कपडा वर घ्या, टेप थेट कातडीवर हवी. कमरेच्या बाजूला बोटांनी चाचपून सर्वात खालची बरगडी शोधा आणि तिथे पेनने ठिपका द्या. तिथून खाली येत कमरेच्या हाडाची वरची कड शोधा, दुसरा ठिपका. दोन्हींच्या बरोबर मध्ये तिसरा ठिपका द्या. टेप तिथून जायला हवी. दुसऱ्या बाजूलाही असंच करा. अनेकांची बेंबी या रेषेच्या खाली येते, त्यामुळे बेंबीवरून मोजू नका.

पाय जवळ, वजन दोन्ही पायांवर सारखं, हात सैल. टेप मागच्या बाजूला खाली घसरते, म्हणून आरशात बघा किंवा घरातल्या कोणाला तरी बघायला सांगा. ती जमिनीला समांतर असावी, कातडीला टेकावी पण रुतू नये. श्वास नेहमीसारखा सोडा आणि सोडून झाल्या क्षणी आकडा वाचा. पोट आत ओढलं तर तीन-चार सेंमी सहज चोरले जातात. दोनदा मोजा, फरक एक सेंमीपेक्षा जास्त आला तर पुन्हा मोजा.

आपल्यासाठी मर्यादा अशी: पुरुषांना ९० सेंमी (साधारण साडेपस्तीस इंच), बायकांना ८० सेंमी (साडेएकतीस इंच). आणखी एक सोपी कसोटी म्हणजे घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. उंची १६० सेंमी असेल तर घेर ८० च्या आत. यापैकी एकही ओलांडली असेल तर पुढची पायरी टाळू नका. मान किंवा काखेतली कातडी काळपट, जाड, मखमलीसारखी झाली असेल तर तीही इन्सुलिन काम करत नसल्याची खूण असते. मळ समजून ती दगडाने घासणारे पुष्कळ आहेत. घासून ती जात नाही, घेर उतरला की फिकी पडते.

३. तपासण्या करा

उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातला मेद), एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि हिमोग्लोबिन. रात्रीच्या जेवणानंतर १० ते १२ तास उपाशी राहा, पाणी चालतं. आदल्या रात्री दारू घेतली तर ट्रायग्लिसराइड्स फुगून येतात आणि रिपोर्ट वाया जातो. हिमोग्लोबिन मुद्दाम लिहिलं आहे, कारण लोह कमी असेल तर एचबीए१सी खरं नसताना जास्त दिसू शकतं, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये लोहाची कमतरता फार.

रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. लघवी करून या.

आता हे पाच आकडे वहीत एकाखाली एक लिहा:

- घेर मर्यादेबाहेर
- ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा जास्त
- एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० च्या खाली, बायकांत ५० च्या खाली
- रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त
- उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त

पाचपैकी तीन जुळले तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून यकृत ठीक असेलच असं नाही. साखर किंवा ट्रायग्लिसराइड्स वाढलेले असतील तर सोनोग्राफीबद्दल डॉक्टरांना विचारा.

खर्चाची अडचण असेल तर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे ३० वर्षांवरच्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी मोफत होते.

४. औषधं चालू असतील तर आधी डॉक्टर, मग आहार

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने अचानक खाणं कमी केलं किंवा उपाशी चालायला सुरुवात केली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते: घाम, थरथर, गोंधळ, बेशुद्धी. डोस आधी ठरवून घ्या. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच, वजन उतरल्यावर जुना डोस जास्त होतो आणि उठल्यावर चक्कर येते. छातीत दुखणं, थोड्या श्रमाने धाप किंवा पूर्वी हृदयविकार असेल तर व्यायामाआधी तपासून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पुढे सांगितलेलं प्रथिनांचं प्रमाण तुम्हाला लागू नाही.

५. तेल आणि साखर: हिशेब ताटात नाही, महिन्याच्या किराणात

भाजीत किती तेल पडलं हे कोणी मोजत नाही. पळीने ओतणाऱ्याला ते कळतही नाही. पण महिन्याला किती पिशव्या संपल्या हे कळतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला २,००० कॅलरींच्या आहारात माणशी २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चार जणांच्या घरात महिन्याला ते साडेतीन लिटर होतं, तूप-लोणी धरून. घेर उतरवायचा असेल तर माणशी २० ग्रॅमवर या, म्हणजे चार जणांना साधारण अडीच लिटर. पिशवीवरचं निव्वळ वजन वाचा, लिटरसारखी दिसणारी प्रत्येक पिशवी लिटरची नसते. एक तारखेला महिन्याचं तेल वेगळं काढून ठेवा आणि फोडणीला पळीऐवजी ५ मिलीचा चमचा वापरा. चार जणांच्या सुक्या भाजीला तीन चमचे पुरतात. भाजी खाली लागत असेल तर तेल वाढवू नका, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवा.

साखरेचा मोठा वाटा चहाचा. भरलेला चमचा ५ ग्रॅम, कपात दोन चमचे आणि दिवसात चार कप म्हणजे ४० ग्रॅम, महिन्याला सव्वा किलोच्या आसपास. एकदम बिनसाखरेचा चहा करू नका, चार दिवसांत सुटतो. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा. जीभ महिनाभरात सरावते. गुळाचा चहा हा उपाय नाही, गूळही साखरच आहे.

६. ताट बदला: आधी प्रथिनं, मग धान्य

आपल्या ताटाची खरी उणीव इथे आहे. पोट भरतं ते भात-पोळीने, आणि वरण पळीभर, तेही पातळ. अशा वाटीत तीन-चार ग्रॅम प्रथिनं जेमतेम. प्रथिनं कमी पडली की दोन तासांत भूक लागते, आणि वजन उतरताना चरबीसोबत स्नायूही झडतात.

लक्ष्य वजनाच्या दर किलोला साधारण १ ग्रॅम. ७० किलोच्या शाकाहारी माणसाचा दिवस असा जमतो: सकाळी ६० ग्रॅम मुगाच्या डाळीची धिरडी (१४ ग्रॅम), दुपारी ४० ग्रॅम सुक्या मटकीची उसळ (९) आणि वाटीभर दही (५), संध्याकाळी मूठभर भाजलेले चणे (६), रात्री ३० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण (७), दिवसभरातलं एक मोठा पेला दूध (८) आणि २०० ग्रॅम धान्य (१९). बेरीज ६८. अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात. मासे किंवा चिकन खात असाल तर काम आणखी सोपं, फक्त तळलेले नकोत.

धान्याचा सापळा नीट बघा. ‘गहू सोडला, ज्वारी सुरू केली’ असं सांगणाऱ्यांचा घेर तसाच राहतो, कारण एका भाकरीला ७० ग्रॅम पीठ लागतं आणि घडीच्या पोळीला २५ ते ३०. एक भाकरी म्हणजे जवळजवळ अडीच पोळ्या. दोन दिवस पीठ काट्यावर मोजून घ्या, नंतर हाताला अंदाज येतो. भाकरी चांगलीच आहे, एक खा, सोबत उसळ आणि वाटीभर पालेभाजी. भात आणि पोळी दोन्ही एका जेवणात नको.

जेवणाची सुरुवात काकडी-मुळ्याच्या कोशिंबिरीने आणि उसळीने करा, भात शेवटी घ्या. याने जेवणानंतरची साखर कमी चढते. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी.

उपवासाबद्दल वेगळं लिहावं लागतं. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. बशीभर साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा कूट आणि तूप धरून ५०० कॅलरींच्या आसपास जाते, आणि साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. उपवास करायचाच असेल तर ताक, फळ, काकडी आणि दुधात राजगिऱ्याच्या लाह्या ठेवा.

७. चाला, आणि आठवड्यातून दोनदा ताकद लावा

आठवड्याला किमान १५० मिनिटं. पाच दिवस अर्धा तास. चाल पुरेशी भरभर आहे का, हे पावलांवरून कळतं: १५ सेकंदांत २५ पावलं पडायला हवीत. बोलता यावं, गाता येऊ नये. गप्पा मारत रमतगमत केलेली फेरी यात धरू नका. दोन्ही जेवणांनंतर १० ते १५ मिनिटं वेगळी चाला, जेवणानंतर चढणारी साखर तेव्हाच स्नायूंत खर्ची पडते.

फक्त चालण्याने स्नायू टिकत नाहीत. म्हणून आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, घरीच एवढं करा:

- खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, १० वेळा
- भिंतीला हात लावून पुश-अप, १० वेळा
- पाण्याच्या एकेक लिटरच्या दोन बाटल्या पिशवीत घालून, किंचित वाकून ती पोटाकडे ओढणं, प्रत्येक हाताने १०
- टाचा उचलणं, १५ वेळा
- कोपरांवर प्लँक, २० सेकंद

सगळ्याच्या तीन फेऱ्या. जोर लावताना श्वास सोडा, कोंडला की रक्तदाब उसळतो. शेवटचे दोन सोपे जाऊ लागले की आकडा किंवा वजन वाढवा. गुडघे दुखत असतील तर सपाट रस्ता किंवा सायकल घ्या, आणि खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

८. झोप, दारू, तंबाखू

सात तासांपेक्षा कमी झोप असेल तर वरचं सगळं करूनही घेर अडतो, कारण अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि ओढ नेमकी गोड-तळलेल्याची लागते. खूप घोरत असाल आणि दिवसा पेंगत असाल तर झोपेची तपासणी करून घ्या. दारूतल्या अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात, त्यात चखण्याची भर. यकृतात मेद असेल तर दारू पूर्ण बंद. सिगारेटने माणूस बारीक राहतो हा समज खोटा आहे, सिगारेट ओढणाऱ्यांत आतली चरबी जास्त आढळते.

९. इथे पैसे आणि महिने वाया जातात

*सिट-अप्स.* पोटाचे स्नायू बळकट होतात, त्यांच्यावरची किंवा आतली चरबी तिथल्या तिथे जळत नाही. शरीर चरबी कुठून काढायची हे आपल्याला विचारत नाही.

*घामाचे पट्टे, थरथरणारे बेल्ट.* उतरतं ते पाणी. ग्लासभर पाणी प्यायलं की परत येतं.

*लिंबू-मध, जिऱ्याचं पाणी.* चरबी वितळत नाही. मधाचे दोन चमचे मात्र साखरेच्या हिशेबात धरा.

*‘आयुर्वेदिक’ म्हणून विकली जाणारी बिननावाची पावडर.* घटक आणि परवाना क्रमांक नसलेलं काहीही घेऊ नका. अशा चूर्णांमध्ये स्टेरॉइड किंवा भारतात २०११ मध्ये बंदी आलेलं सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध मिसळलेलं सापडलं आहे.

*लायपोसक्शन.* त्याने त्वचेखालची चरबी निघते, आतली नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ स्त्रियांच्या पोटाची जवळजवळ १० किलो चरबी काढूनही त्यांची साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुधारलं नाही.

*महिन्यात दहा किलो.* आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगाने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, आणि स्नायू जातात ते वेगळंच.

१०. पोट चरबीचं नसेल तर

काही आठवड्यांत पोट झपाट्याने फुगलं, पायाला सूज किंवा डोळ्यांत पिवळेपणा आला, हातपाय बारीक होत असताना पोट वाढलं, थोडं खाल्लं तरी पोट गच्च वाटू लागलं, तर व्यायाम सुरू करू नका, डॉक्टरांकडे जा. पोटात पाणी होणं किंवा गाठ असणं ही कारणं असू शकतात. पोटावर रुंद जांभळे चट्टे, चेहरा गोल आणि सहज काळे-निळे डाग पडणं हे स्टेरॉइड हार्मोनच्या बिघाडाचं लक्षण. बाळंतपणानंतर उठून बसताना पोटाच्या मध्यावर उभा फुगवटा येत असेल तर स्नायू फाकलेले असतात. त्याला फिजिओथेरपिस्ट लागतो, सिट-अप्सनी ते बिघडतं.

११. बारा आठवड्यांनी काय बघायचं

घेर दर दोन आठवड्यांनी, वजन आठवड्यातून एकदा, एकाच दिवशी सकाळी. रोज काट्यावर चढू नका, एका खारट जेवणानेही किलोभर पाणी साठतं. बायकांनी पाळीआधीच्या आठवड्यातला आकडा सोडून द्यावा. बारा आठवड्यांत वजन पाच टक्के उतरणं, म्हणजे ८० किलोचे ७६ होणं, हे उत्तम. एका किलोमागे घेर साधारण एक सेंमी कमी होतो. एवढ्यानेही यकृतातला मेद कमी होऊ लागतो. यकृताला सूज असेल तर सात ते दहा टक्क्यांपर्यंत जावं लागतं.

सहाव्या-आठव्या आठवड्यात आकडा अडतो, तेव्हा तीन दिवस तेल, पीठ आणि चहाची साखर पुन्हा मोजा. हात हळूच सैल झालेला असतो. हिशेब बरोबर निघाला तर जेवणातली अर्धी पोळी कमी करा किंवा चालणं आठवड्याला ६० मिनिटांनी वाढवा, दोन्ही एकदम नको.

सगळं नीट करूनही घेर हलत नसेल आणि साखर किंवा यकृताचा त्रास असेल, तर सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड या इंजेक्शनांबद्दल डॉक्टरांशी बोला. ती भूक कमी करतात आणि परिणामकारक आहेत. पण बंद केल्यावर वजन बहुतेकदा परत येतं, आणि प्रथिनं व ताकदीचा व्यायाम नसेल तर स्नायूही जातात. ओळखीच्याची चिठ्ठी दाखवून केमिस्टकडून आणू नका.

एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत परत करू नका. ते तांबड्या पेशींवर चिकटलेल्या साखरेचं माप असतं आणि या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे आधी केलं तर जुनीच साखर दिसते. पहिली तपासणी झाली त्याच दिवशी दुसरीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि तीच लॅब ठेवा.